रविवारचं बोलावणं

ओगराळं सुपाच्या पातेल्यात बुडालं आणि वर यायचं विसरलं. तिचा हात दांड्यावर तसाच, चष्म्यावर वाफ, आणि वाफेपलीकडे वाडगा धरून उभे असलेले पडदेवाले, दर बुधवारी उभे असायचे तसेच, मान किंचित कलती, दाढी पाण्याचा हात लावून बसवलेली. "ताई, येत्या रविवारी दुपारी तुम्ही माझ्याकडे जेवायला या," असं ते म्हणाले होते. असंच म्हणाले होते ना? चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या सरकत होत्या, ओल्या कोटांचा आणि उकडत्या कांद्याचा वास एकमेकांत मिसळला होता, रांगेत मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, गप्पा मागाहून, सूप आधी!" आणि तिनं घाईघाईनं त्यांचा वाडगा इतका भरला की सूप काठावरून त्यांच्या अंगठ्यावर आलं. त्यांनी अंगठा हलवला नाही. "माझ्याकडे म्हणजे," तिनं कसंबसं विचारलं, "म्हणजे कुठं?" "माझ्याकडे म्हणजे माझ्याकडे. बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला. घरच्या मंडळींना घेऊन या." मग ते थोडे पुढं वाकले आणि गुपित सांगावं तसे म्हणाले, "तुमच्या दारावरच्या पाटीवर दोन गोष्टी लिहिल्यात, ताई. जेवण आणि मैत्री. जेवण मिळतं, पोटभर मिळतं, खोटं कशाला बोलू? पण मैत्री म्हणजे येणं-जाणं. मी येतो. तुम्ही कधी आलात? एकानंच यायचं आणि दुसऱ्यानं नुसतं उभं राहायचं, त्याला येणं-जाणं नाही म्हणत. त्याला रांग म्हणतात." ती काही बोलणार तोवर त्यांनी हात वर केला. "नाही आलात तर रागावणार नाही. पण मग बुधवारी मीही नाही यायचा. पोटाचं काय, ते कुठंही भरतं." आणि वाडगा छातीशी धरून, एक थेंब न सांडता, ते खिडकीजवळच्या त्यांच्या नेहमीच्या जागेकडे निघून गेले, पडदा पडल्यावर नट विंगेत जातो तसे.

मागच्या माणसाला वाढताना, त्याच्या मागच्याला वाढताना, आणि नंतर पाण्याचा जग घेऊन टेबलांमधून फिरत "कसं काय, बरं आहे ना?" विचारताना तिला कळेना की छातीत हे काय उडतंय. भीती नव्हती. संकोच होता, पण तो खाली तळाशी. वर होतं ते काहीतरी लहानपणचं, कुणीतरी दारात येऊन "आईनं बोलावलंय तुला आमच्याकडे" म्हटल्यावर पायात चप्पल अडकवायचीही शुद्ध राहत नसे, तसलं. तिला जेवायला बोलावलं होतं. तिला! नवरा गेला तेव्हा सुरुवातीला लोक डबे आणून देत होते, झाकणावर आपापली खूण केलेले, आणि मग एकदा डबे संपले. आणि बोलावणी, ती तर नवऱ्याच्या जोडीनंच निघून गेली होती. जोडप्याला बोलावणं सोपं असतं. एकट्या बाईला कुठल्या खुर्चीवर बसवायचं हेच यजमानाला सुचत नसावं. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. उलट तेव्हाच पाळकसाहेबांच्या पत्नीनं, पाळकबाईंनी, विचारलं होतं, बुधवारी हात लावाल का, आणि हातात ओगराळं आलं ते आलंच. ओगराळं धरलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, तुम्ही जेवलात का?

इथं कुणाला बेघर म्हणायचं नाही, गरजू म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं, असा पाळकसाहेबांचा दंडक होता आणि चर्चच्या मंडळीतले सगळे तो मनापासून पाळत. ती तर फारच. पाहुण्यांची नावं नाही तरी नाकं तिच्या लक्षात राहत. चष्म्याच्या दुकानात आयुष्य गेलेलं, माणूस समोर आला की आधी नाकाचा उंचवटा दिसायचा आणि मग माणूस. पडदेवाल्यांचं नाक बारीक आणि डावीकडे जरासं कलतं. त्यांची ओळखही नाकावरूनच झालेली. सुरुवातीचे काही बुधवार चष्म्याची एक काडी सुतळीनं कानाला बांधलेली. एका बुधवारी तिनं पर्समधला इवलासा स्क्रूड्रायव्हर काढून तिथल्या तिथं, सुपाच्या वाफेत, काडी बसवून दिली, नाकाच्या कलाप्रमाणे फ्रेम अंगठ्यानं किंचित वाकवली. त्यांनी चष्मा घातला, तिच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. "आत्ता दिसलात," ते म्हणाले. "इतके दिवस नुसतं ओगराळं दिसायचं." ती तेव्हा केवढी हसली होती. मग हळूहळू कळत गेलं, की ते नाट्यगृहात पडदा ओढायचे. दोर हातात धरून अंधारात उभं राहायचं आणि शेवटचं वाक्य ऐकायचं. शेवटच्या वाक्यानंतर एक श्वास थांबायचं आणि मगच ओढायचा. श्वासाआधी ओढला तर लोकांचं रडू घशात अडकतं, एका श्वासाहून उशिरा ओढला तर नटाचं रडू खोटं दिसतं. हे सांगताना त्यांचे हात हवेत दोर धरायचे. आता आठवताना तिच्या लक्षात आलं, की हे सगळं तिनं उभ्याउभ्या ऐकलं होतं. जग हातात धरून.

पातेली घासताना तिनं पाळकबाईंना सांगितलं. पाळकबाईंच्या हातातला काथ्या थांबला. "तुम्हाला बोलावलं?" त्यांनी कपाळावरची बट मनगटानं मागं सारली. "आणि मला नाही? मी इथं बटाटे सोलून सोलून म्हातारी झाले!" मग त्यांनाच हसू आलं, मग हसू आवरून त्यांनी नियम सांगितला, जो तिलाही पाठ होता: पाहुण्यांच्या जागेवर एकट्यानं जायचं नाही, त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही. "नियम चांगल्यासाठीच आहे," पाळकबाई म्हणाल्या आणि पातेल्याच्या बुडाशी बोलल्यासारख्या पुढं म्हणाल्या, "पण प्रभूला कुणी जेवायला बोलावलं आणि तो गेला नाही, असं वाचल्याचं मला तरी आठवत नाही. कुणाकुणाकडे जाऊन बसायचा! लोक नावं ठेवायचे, तरी जायचा. एकट्या मात्र जाऊ नका. सोबत न्या कुणाला तरी. आणि सोमवारी मला सगळं सांगायचं, काय केलं होतं, कसं केलं होतं, सगळं."

तीन दिवस दुकानात काचा पुसताना बोटं आपोआप चालत होती आणि मन पुढं पळत होतं, परत येत होतं, पुन्हा पळत होतं. एकाच भिंगाला तिनं इतकं पुसलं की गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, झिजवून नंबर उतरवताय का?" काय नेसायचं? फार चांगलं नेसलं तर मिरवल्यासारखं, साधं नेसलं तर 'त्यांच्याकडे काय, काहीही चालतं' म्हटल्यासारखं. बसायला काय असेल? जमिनीवर बसावं लागलं तर उठता येईल का? आणि या प्रत्येक प्रश्नाच्या खाली तो आनंद हुळहुळत होता, बंद मुठीत धरलेल्या पाखरासारखा. आई कणीक मळताना स्वतःशीच जुळवून म्हणायची, ते अचानक ओठावर आलं, इतक्या वर्षांनी, चालीसकट:

पाहुणा येई दारी, उंबरा होई मोठा
पाहुणा जाई घरी, दिवस होई छोटा

उंबरा मोठा होतो म्हणजे काय होतं, हे तिनं लहानपणी आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, जाऊन बघ कुणाकडे, म्हणजे कळेल. पाहुण्यालाच कळतं ते. यजमानाला कुठं उंबरा दिसतो, तो चुलीपाशी असतो.

प्रश्न उरला सोबतीचा, आणि सोबत म्हणजे वन्सं. नवऱ्याची थोरली बहीण; भाऊ गेल्यावर "तुला एकटीला झोप लागायची नाही" म्हणून महिनाभरासाठी आल्या त्या राहिल्याच. बुधवारच्या जेवणाला त्या कधीही फिरकल्या नव्हत्या. "मला दया करता येत नाही, गुडघा दुखतो," म्हणायच्या. शनिवारी संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिनं विषय काढला.

"रविवारी जेवायला जायचंय, वन्सं. एका ओळखीच्यांकडे."

"कुठं राहतात?"

"जुन्या नाट्यगृहाच्या मागे."

"मागे कुठली इमारत आहे? कितवा मजला?"

"तळमजलाच म्हणायचा."

वन्संनी चष्म्याच्या वरून बघितलं. त्या नजरेपुढं आजवर कुणाचं काही लपलेलं नव्हतं, दादल्याचंही नाही. "त्या तुझ्या बुधवारवाल्यांपैकी आहेत का?"

"हो."

"आणि त्यांनी आपल्याला जेवायला बोलावलं? घरच्यांना घेऊन या, म्हणाले?"

"असंच म्हणाले."

वन्संनी शेंगेचा दोर टोकापर्यंत ओढून काढला. "माणूस रीतीचा दिसतोय," त्या म्हणाल्या. "या घरात येऊन इतकी वर्षं झाली, तुझ्या त्या मंडळीतल्या एकालाही म्हणावंसं वाटलं नाही, की म्हातारीलाही आणा. माझी करडी शाल काढून ठेव."

रविवारी उपासना संपता संपत नव्हती. गीताच्या पुस्तकातली ओळ सापडत नव्हती, बोट भलत्याच पानावर. घरी येऊन तिनं सकाळीच भरून ठेवलेला डबा ओट्यावरून उचलला, चांगला तीन पुडांचा, तळाशी पुलाव, वर मटार, त्यावर गोडाचा शिरा, आणि पिशवीत घालणार तोच वन्सं दारातून म्हणाल्या, "हे काय?" "रिकाम्या हातानं कसं जायचं?" "रिकाम्या हातानं जाऊ नये हे खरं. पण भरल्या डब्यानं जाऊ नये हेही तितकंच खरं. आपण जेवायला चाललोय की वाढायला? ठेव ते." आणि त्यांनी खिडकीतल्या कुंडीतला पुदिना मूठभर खुडून रुमालात बांधला. तिनं डबा ठेवला. पण जिना उतरताना हात हलका वाटेना, उघडा वाटला. हाताचं काय करायचं हेच तिला कळेना, पर्सचा बंद धरला, सोडला, वन्संचा दंड धरला, तर वन्सं म्हणाल्या, "मला धर, पण ओढू नकोस. पळत सुटलीयस नुसती."

पळतच होती. रस्ता नेहमीचा, बँकेची बंद दारं, मोच्याची टपरी, फाटलेल्या जाहिरातींची भिंत, पण आज सगळं धुऊन वाळत घातल्यासारखं लख्ख. इथून ती रोज दुकानात जायची आणि नाट्यगृहाच्या मागची गल्ली तिनं कधी पाहिली नव्हती, म्हणजे डोळ्यांना दिसली असणार, पण बघितली नव्हती. गल्लीच्या टोकाला एक उंच ओटा, पूर्वी तिथं ट्रकमधून नेपथ्य उतरवत असावेत, वर पत्र्याचं छप्पर, आणि ओट्याच्या तोंडाशी पडदा. खराखुरा. लाल मखमलीचा, खाली झिजून गुलाबी पडलेला, एका बाजूला पांढऱ्या दोऱ्यानं रफू केलेला, पण चुण्या पाडून, मधोमध मिळवून, खाली जमिनीला बरोबर टेकेल असा लावलेला. दोघी पायरीशी उभ्या राहिल्या. कडी नाही, घंटी नाही, हाक काय मारायची? तिनं घसा खाकरला. आत काहीतरी हललं, मग शांत झालं. एक श्वास. आणि पडदा उघडला, दोन्हीकडे, एकाच वेळी, अजिबात आवाज न करता, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आयुष्यात तिच्यासाठी कुणी पडदा उघडला नव्हता.

पडदेवाले बाजूला दोर धरून उभे होते. इस्त्री नव्हती, पण शर्टाच्या घड्या गादीखाली दाबून पाडलेल्या. "या, या! पाय पुसून या हं, आत्ताच झाडलंय." पायरीच्या वर गोणपाटाचं पायपुसणं होतं, आणि त्यापुढं ओट्याच्या कडेला रंगवलेली एक लाकडी फळी, नाटकातल्याच कुठल्यातरी घराची चौकट असावी. तिनं पाय पुसले. पुसताना वाटलं, ही फळी ओलांडायला केवढं मोठं पाऊल टाकावं लागणार! फळी वीतभर उंच होती. वन्सं मात्र शाल सावरत सरळ आत गेल्या, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, म्हणाल्या, "उजेड छान आहे हो तुमच्याकडे," आणि मिळाली त्या खुर्चीवर बसल्याही. खुर्ची सिंहासन होती. सोनेरी रंग उडालेला, पाठीवर दोन सिंह, एकाला तोंड नव्हतं.

"हा पुदिना," वन्संनी रुमाल पुढं केला. "घरचाच आहे."

"वा! बरं झालं, शेवटी वर घालायला काहीतरी हवंच होतं." त्यांनी तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

उलट्या खोक्यावर चादर अंथरलेली. स्टोव्हवर पातेलं, त्यात बटाटे, गाजरं, कांदा असं सगळं रटरटत होतं. पाव कापून फडक्यात झाकलेला. उकडलेली अंडी. पाणी प्यायला राजाचे चषक, जस्ताचे, खोट्या माणकांचे. आणि तीन ताटल्या, तिन्ही वेगवेगळ्या, पण पालथ्या घालून ठेवलेल्या, धूळ बसू नये म्हणून. त्या पालथ्या ताटल्या तिनं पुन्हा एकदा मोजल्या. कुणीतरी तिची वाट बघत होतं. कुणीतरी सकाळपासून तिची ताटली पालथी घालून ठेवली होती.

"प्रार्थना कोण करणार?" त्यांनी विचारलं, आणि तिनं सवयीनं हात जोडले, ओठ उघडले. बुधवारी तीच करायची: हे प्रभू, जे भुकेले आहेत त्यांची आठवण ठेव. वाक्य ओठांवर येऊन थांबलं. कोण भुकेले? इथं कुणाची आठवण ठेवायला सांगायची? "घर तुमचं आहे," वन्सं म्हणाल्या, "तुम्हीच करा की." पडदेवाल्यांनी मान खाली घातली. "प्रभू, आज आमच्याकडे पाहुणे आलेत. तूही बस. मीठ कमी-जास्त असेल तर सांभाळून घे. आमेन."

आणि मग ते घडलं. पुढं ती किती वेळा आठवून लाजली आणि किती वेळा आठवून हसली, त्याला सुमार नाही. त्यांनी ताटल्या सुलट केल्या, पावाचं फडकं सोडायला वळले, आणि तिचा हात, तो कधीचा उघडा पडलेला, काय करावं ते न कळणारा हात, पातेल्यातल्या डावाकडे गेला. ती उभी राहिली होती. आधी वन्संना वाढलं, मग पडदेवाल्यांच्या ताटलीत, एक, दोन, "घ्या, अजून घ्या, लाजू नका, भरपूर आहे," आणि तो आवाज! तिला स्वतःच्याच कानांनी तो ऐकू आला. मऊ, हसरा, बुधवारचा आवाज. जरा वरून येणारा. स्टोव्ह फुरफुरत होता. पडदेवाले हातात पाव घेऊन तसेच उभे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बुधवारी रांगेत असायचा तोच चेहरा होता, मान किंचित कलती, सभ्य, वाडगा धरल्यासारखा. आपल्याच घरात ते रांगेत उभे राहिले होते. तिला डाव खाली ठेवता येईना आणि वर उचलता येईना. सगळा आनंद, तीन दिवसांचा, फुग्यातल्या हवेसारखा निघून चालला. ही एक गोष्ट मागितली होती त्यांनी, की यावं; आणि ती आलीच नव्हती. ती तिथं पातेल्यामागेच उभी होती.

"मीठ कमी आहे," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी घास घेतलाही होता. तोंड हलवत, कुणाकडेही न बघता, पुन्हा म्हणाल्या, "बरंच कमी आहे. आणि गाजर अजून जरा शिजायला हवं होतं. पण कांदा छान परतलाय, हात आहे हो तुम्हाला."

"वन्सं!" ती कळवळून म्हणाली.

पण पडदेवाल्यांचा चेहरा! आधी भुवया वर गेल्या, मग मिशा हलल्या, मग ते सगळेच्या सगळे हसायला लागले, पाव धरलेला हात छातीवर, चष्मा नाकावरून घसरला. "कमी आहे ना? मला वाटलंच! कित्येक वर्षं झाली, माझ्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवली नव्हती. बायको ठेवायची. थांबा, मीठ देतो." ते धावतच मागच्या भिंतीवरची डबी घेऊन आले, आणि वन्संनी चिमूट घेऊन ताटलीत भुरभुरली, आणि दोघं गाजर आधी घालावं की बटाटा आधी, यावर अशी वादाला लागली, की जणू एकमेकांना लहानपणापासून ओळखत होती. रोजचाच तो वन्संचा तिरका स्वर. घरी तो ऐकून तिचं डोकं उठायचं. इथं तो पाहुण्याचा स्वर होता. आपल्या घरी मागावं, बोलावं, खुसपट काढावं, तसं त्या या घराला घर करत होत्या. आणि ती मघापासून मदत करून करून त्याचा पुन्हा नुसता उघडा ओटा करत होती.

"ताई," पडदेवाले हळूच म्हणाले, आणि हात पुढं केला. "डाव इकडे द्या."

तिनं दिला. देताना बोटं सुटायला क्षणभर वेळ लागला, जशी थंडीत आखडतात. मग सुटली. ती खोक्याशी जमिनीवर बसली, गुडघे कुरकुरले, आणि बसल्यावर सगळं उंच झालं: स्टोव्ह, पातेलं, पडद्याचे दोर, पडदेवाले, वरचं पत्र्याचं छप्पर आणि त्याच्या फटीतून येणारी उन्हाची सळई. उंबरा मोठा होतो, आई. खरंच होतो. तिनं तिसरी ताटली उचलली. रिकामी ताटली पुढं करायला हात किती लांबवावा लागतो, हे तिला माहीत नव्हतं. दर बुधवारी किती हात असे तिच्यापुढं आले होते. छातीतलं पाखरू परत फडफडलं, या वेळी मूठ उघडीच होती.

"बुधवारी याल ना?" तिनं विचारलं.

"का नाही? येणं-जाणं आहे आपलं," ते म्हणाले. "यांना घेऊन या, तुमच्या सुपात मीठ किती असतं ते सांगतील."

"येते की," वन्सं तोंडातल्या घासासकट म्हणाल्या. "कुणी बोलावलं तर येते."

डाव पातेल्यात बुडाला, भरून वर आला, आणि तिच्या ताटलीवर येऊन थांबला. खालून बघताना तिला दिसलं ते त्याचं बूड, काळपट, गोल, एका बाजूनं झिजून चकाकणारं, त्याला लोंबणारा एक थेंब. आयुष्यभर तिनं डावाचं पोटच पाहिलं होतं. बूड आज दिसलं. डाव कलला, ताटली जड झाली, वाफ चष्म्यावर आली आणि समोरचं सगळं पांढरं झालं. तिनं चष्मा पुसला नाही. ताटली तशीच पुढं धरून ठेवली.

"अजून," ती म्हणाली.